शरीफ म्हणजे काय

गुरुजी, परवा आम्ही चार पेन्शनरांनी माझ्या घरी व्हिडिओ भाड्यानं आणून एक जुना इंग्रजी सिनेमा बघितला. घोडे, बंदुका, धुरळा उडवत येणारे दरोडेखोर आणि छातीला बिल्ला लावलेला एकटा शेरिफ. संपल्यावर चहा झाला आणि प्रत्येकानं आपापलं मत ठोकून दिलं. एकाला नायकापेक्षा दरोडेखोर आवडला, दुसऱ्याच्या मते घोडाच खरा नट. मग माझी पाळी आली आणि मी माझा नेहमीचा किस्सा सांगितला. सगळे पोट धरून हसले. ते गेल्यापासून मला जेवण गोड लागेना, म्हणून लिहायला बसलोय. तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली, हे कागद तुमच्यापर्यंत पोचायचे नाहीत, म्हणूनच ही हिंमत. किस्सा तुमचाच आहे.

भालकीच्या बाजाराच्या मैदानात तंबूतला सिनेमा आला तेव्हा मी हैदराबादच्या कॉलेजातून सुट्टीला घरी आलो होतो. निजामाचं राज्य गेलं त्या पोलीस ॲक्शनला फार दिवस झाले नव्हते. गावात हिंदू-मुसलमान एकमेकांशी बोलत होते, पण जपून. टांगेवाल्या चाचांनी आम्हा सगळ्या पोरांना कधी ना कधी फुकट फिरवलेलं. ते आता हाटेलात येत नसत. बाहेर टांग्याला टेकून उभ्यानंच चहा पीत आणि कपबशी ओट्यावर ठेवून निघून जात. आत येऊ नका असं त्यांना कोणी म्हटलं नव्हतं. आत या असंही कोणी म्हणत नव्हतं.

तंबूत लागलेल्या त्या इंग्रजी सिनेमातलं अक्षर गावात फारसं कोणाला कळलं नाही, पण एक शब्द मात्र सगळ्यांना कळला. पडद्यावर घडीघडीला कोणीतरी तिथल्याही बिल्लेवाल्याला हाक मारायचं आणि उर्दू शाळेत शिकलेल्या गावाच्या कानांना ती 'शरीफ' अशी, ओळखीच्या मुसलमानी नावासारखी, ऐकू यायची. शरीफनं एकट्यानं गाव वाचवलं, तेव्हा विभूती लावलेले आणि फेजटोपी घातलेले सगळेच टाळ्या वाजवत उठले.

दुसऱ्या दिवशी हाटेलात दुसरा विषय नाही.

"शरीफ एकलाच कामून गेला? चार मानसं घ्यायची की संगं."

"चार मानसं घेतला असता तर शिणेमा तितंच संपला असता."

बाहेरून चाचांना राहवलं नाही. "चार जनां क्या करते जी? घोडा अच्छा था ना उसका."

तुम्ही बाकावर सरकून जागा केलीत. "चाचा, भायेरून कामून बोलायलाव? आत या, बसून सांगा."

चाचा क्षणभर घुटमळले आणि आत आले. तुमच्या शेजारी बसले. चहा बशीत ओतता ओतता ते घोड्याची चाल समजावू लागले, मधूनच "हमारा शरीफ" म्हणू लागले, आणि मला वाटतं त्या दिवसांनंतर पहिल्यांदाच ते मोठ्यानं हसले.

कोपऱ्यात कचेरीतला कारकून बसला होता, पुण्याकडून नुकताच आलेला. तो म्हणाला, "अहो, शरीफ कसला? शेरिफ तो. हुद्दा आहे, नाव नव्हे. काय मास्तर, तुम्ही तर इंग्रजी शिकवता ना?"

सगळे तुमच्याकडे वळले. चाचांची बशी ओठापाशी थांबली.

तुम्ही म्हणालात, "न्हाई साहेब. नावच हाय ते. शरीफ."

"इथले मास्तरच असे," कारकून माझ्याकडे बघून हसला, "मग पोरांची काय कथा."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. कारण आठवीत ह्याच 'शेरिफ' शब्दाचा मनचा अर्थ सांगितला म्हणून तुम्ही मला छडी दिली होती. "ठाऊक नसंल तर न्हाई म्हण, बनवू नगंस," म्हणाला होतात, आणि मग खरा अर्थ सांगितला होतात. परत येताना मी विचारलं, "गुरुजी, तुम्हीच शिकिवला हुता की तो शब्द."

"व्हय."

"मग?"

"बशी बघितलास का त्यांची? निम्मी ऱ्हायली हुती. पिऊन तर होऊ दे म्हणलं."

मला तेव्हाच कळलं, गुरुजी. उशिरा कळलं असतं तर निदान तेवढी सबब तरी उरली असती.

कारकुनाचा पुतण्या आमच्याच होस्टेलात होता. मी परतायच्या आधी किस्सा तिथं पोचला होता. हसणाऱ्यांत बसायचं की ज्याला हसतात त्याच्यात, एवढाच प्रश्न होता आणि मी हसणाऱ्यांत जाऊन बसलो. पुतण्यापेक्षा मीच तो रंगवून सांगू लागलो, तुमच्या आवाजात, तुमच्या 'न्हाई साहेब'सकट. पुढं तुम्ही कसल्याशा कामाला हैदराबादला आलात आणि घरच्या शेंगांच्या पोळ्या घेऊन होस्टेलवर आलात. वरच्या गॅलरीतून कोणीतरी ओरडलं, "शरीफ आले रे, शरीफ!" तुम्ही माझ्याकडे बघितलंत. मी पोळ्यांच्या फडक्याची गाठ सोडण्यात गुंतल्याचं सोंग केलं. "तूप लावून खा," एवढंच म्हणालात आणि छत्री उचलून निघालात. मी फाटकापर्यंतसुद्धा आलो नाही. ती आपली शेवटची भेट, आणि तिची मला लाज वाटते, आजही.

त्यानंतर हा किस्सा मी ऑफिसात सांगितला, लग्नाच्या पंगतीत सांगितला, सासुरवाडीत सांगितला. दर वेळी कारकुनाच्या वाक्याशी थांबतो, कारण हशा तिथंच येतो. बशीचं मी कधीच कोणाला सांगितलं नाही. परवाही नाही.

येत्या रविवारी ते सगळे दुसरा सिनेमा बघायला येणार आहेत. या खेपेला बशीपर्यंत सांगायचं असं मी ठरवतोय. पण परवा जाताना त्यातला एक दारात थांबून म्हणाला, जावयाला घेऊन येतो, तेवढा तुमच्या त्या मास्तरचा किस्सा परत होऊ द्या. आणि गुरुजी, खरं सांगतो, ते ऐकून मला बरं वाटलं.