गोणपाटाखालचा ॲम्प्लिफायर

रविवार, ४ मार्च १९७३

आजपासून रोजनिशी. विलायतेतले मोठे गिटारवाले ठेवतात म्हणे. नसतील ठेवत तर त्यांचं नुकसान.

ठराव पहिला: दसऱ्याच्या आत नगर जिल्ह्यातला पहिला हेवी म्युझिकचा ग्रूप काढणे. ठराव दुसरा: घरात बोलायचं नाही. ठराव तिसरा: चहा कमी.

पुण्याला होस्टेलवर रंगनाथच्या खोलीत हेवी म्युझिकची विलायती रेकॉर्ड ऐकली तेव्हा बाकीच्यांनी कानांवर उशा घेतल्या. माझ्या छातीत जे धडधडलं ते अजून थांबलेलं नाही. इंटरला नापास होण्याचं खरं कारण हेच. आबांना अजून पटलेलं नाही.

संध्याकाळ. चहा तीन कप झाला. उद्यापासून.

मंगळवार, ६ मार्च

दिवसभर विचार. दमलो.

हेवी म्युझिकला दोनच गोष्टी लागतात, गिटार आणि ॲम्प्लिफायर. बाकी सगळं आत्मा. ॲम्प्लिफायर व्हॉल्व्हचाच हवा, लढाईच्या काळातला. ट्रान्झिस्टरचा आवाज पातळ, व्हॉल्व्हचा दाट. ताक आणि दही.

घरात मात्र एकच विषय, विहीर. वस्तीवर विहीर एकच, आमची. म्हणून मोटरही एकच. दिवाळीपासून विहीर कोरडी आणि मोटर विहिरीवरच्या खोलीत गोणपाटाखाली झोपलेली. आबांनी सात वर्षांपूर्वी लिंबोणीची चौऱ्याऐंशी झाडं लावली, यंदा पहिला खरा बहार धरायचा होता. आता आबा स्वतः आत उतरून खोदतात, वस्तीवरचा बन्सी सुरुंग लावतो. अडतीस फूट झाले. पाणी बघणाऱ्या पानाड्याने नारळ तळहातावर ठेवून सांगितलं, पन्नाशीच्या आसपास पाणी. आबा म्हणाले, मे महिन्यात पानी लागलं तर बाग वाचली, न्हाईतर सरपन.

नारळावर विश्वास! इथला खडक मी पाहिलाय. पाणी लागणे नाही. हे शास्त्र आहे.

माझी बायको चांगुणा दुष्काळी कामावर खडी फोडायला जाते, आल्यावर झाडांना टँकरच्या पाण्याचे तांबे घालते. तिचा हातोड्याचा ठेका फार पक्का आहे. ड्रम्ससाठी तिचा विचार करायला हरकत नाही. तिला अजून कल्पना नाही.

रविवार, ११ मार्च

नगरला गेलो. श्रीमंत साउंड सर्व्हिसवाला. भेटला! म्हणजे श्रीमंतही भेटला, पण मी म्हणतोय ॲम्प्लिफायर. कॅम्पातल्या साहेबांच्या क्लबातून लिलावात आलेला. काळा पत्रा, पुढे दोन बटणं, आत चार व्हॉल्व्ह. चालू केल्यावर ते हळूहळू लाल होतात. मी हात जोडले.

नवा ट्रान्झिस्टरवालाही दाखवला. एका हाताने उचलता आला. नको म्हणालो. एका हाताने उचलता येतो त्याच्यावर हेवी काय वाजवणार?

श्रीमंतला पैसे नकोत, त्याला गिऱ्हाईक आहे मोटरीचं. म्हणाला, तुमच्याकडं पाच हॉर्सपॉवरची मोटर रिकामी पडलीय म्हनं. मी म्हणालो विचार करतो. एसटीत बसून केला. ज्या विहिरीला पाणी नाही तिला मोटर म्हणजे टकल्याला कंगवा. झाला विचार.

बुधवार, १४ मार्च

आबा सुरुंगाची दारू आणायला कर्जतला. आई आणि चांगुणा खडीवर. दुपारी श्रीमंतचा टेम्पो आला. मोटर गेली, ॲम्प्लिफायर आला. त्याच जागी ठेवला, वर तेच गोणपाट. उंची-रुंदीत बोटभरसुद्धा फरक नाही. जणू माप घेऊनच बनवलेला.

छातीत थोडं धडधडलं. रेकॉर्डचंच असणार.

मंगळवार, २० मार्च

विहीर चाळीस फूट. खडक कोरडा ठाक. माझं शास्त्र बरोबर.

आता गिटार. नगरच्या दुकानात कलकत्त्याची होती, पण लाकूड ओलं. वाजवल्यावर आवाज लगेच बसतो. हेवी म्युझिकला सूर लांबला पाहिजे आणि त्याला मुरलेलं लाकूड लागतं. पन्नास वर्षं मुरलेलं मिळालं तर सोनं.

गोठ्याच्या माळ्यावर जुन्या मोटेचं चाक पडलंय. आज्जाच्या वेळची बैलांची मोट, ते चाक बाभळीचं, पन्नास पावसाळे पाणी प्यालेलं. लाइट आल्यापासून त्याला कुणी हात लावलेला नाही. टिचकी मारली. खणखणीत!

छगन सुताराकडे नेलं. म्हणाला, आबास्नी इचारलं का? हो म्हणालो. मनातल्या मनात विचारलं होतं. आबा काही बोलले नाहीत.

शनिवार, ३१ मार्च

गिटारच्या पोटात बसवायला लोहचुंबक हवं होतं. कॅम्पाजवळच्या भंगारवाल्याकडून लष्करी हेडफोन आणले, फोडले. मोटेच्या सोंडेचं चामडं कापून खांद्याचा पट्टा केला. असं चामडं आता मिळत नाही.

विहीर बेचाळीस फूट. आबांच्या बोटाला छिन्नी लागली. म्हणालो, आबा, कशाला जीव काढता, त्या खडकात काही नाही. ते म्हणाले, किस्ना, झाडांनी माझ्याकडं बघितलं की मला जेवान जात न्हाई. भावनेच्या भरात माणूस शास्त्र विसरतो, त्याचं हे उदाहरण.

बुधवार, ४ एप्रिल. गुढीपाडवा

सकाळी साडेसात. आई हळदकुंकू, नारळ घेऊन मोटरीच्या खोलीकडे निघाली! मी पुढे पळालो. म्हणालो, गोणपाट काढू नकोस, धूळ जाईल, मोटर नाजूक असते. आई म्हणाली, बरं बाबा, वरूनच करते. गोणपाटाला पाच बोटं हळदीची, पाच कुंकवाची. वर साखरगाठी. हात जोडून म्हणाली, आवंदा लाज राख.

ॲम्प्लिफायरची पूजा झाली, हे एका अर्थी बरंच झालं.

चांगुणा दारात उभी होती. खाली वाकून बघत होती. मोटरीला जोडायचा जाड पाइप भिंतीपाशी सुटा पडलाय, तो बहुधा तिच्या पायात येत असावा. तिला मशिनरीतलं कळत नाही.

मंगळवार, १० एप्रिल

गिटार तयार! सोसायटीच्या काट्यावर वजन केलं, साडेसहा किलो. आबासाहेब सोसायटीवाले म्हणाले, ही काय वस्तू हाय रं? म्हणालो, भविष्य. त्यांनी पावती फाडली नाही.

दुपारी चार. वायर बोर्डाला लावली. व्हॉल्व्ह लाल झाले. तार छेडली. गिटारचा आवाज नाही. पण ॲम्प्लिफायरमधून आवाज आला. घूंऽऽऽ. काय आवाज! खोलीचा पत्रा हलला. वीस मिनिटं ऐकत बसलो.

तेवढ्यात विहिरीतून आबा ओरडले, किस्ना, मोटर कोरडी फिरवू नगं, जळंल. मी बटण बंद केलं. वर आल्यावर खूश होते. आईला सांगत होते, पोरगं मोटरीकडं ध्यान देतंय, आवाज ऐकला का, लई झ्याक चालतीय.

मी काहीच खोटं बोललो नाही. नोंद असावी.

बुधवार, १८ एप्रिल

चव्वेचाळीस फूट. आबा वर आले ते मूठ मिटून. मूठ उघडली. मुरूम ओला होता.

घाम असणार. तसं म्हणालोही. आबा हसले. फार दिवसांनी हसले.

गिटारचा आवाज अजून नाही. घूंऽऽ मात्र सुधारतेय.

बुधवार, २५ एप्रिल

सेहेचाळीस फूट. खडकाचा रंग बदलला म्हणे. बन्सी शीळ घालत जिलेटिनची कांडी कापत होता, मला ते आवडलं नाही.

केवळ खबरदारी म्हणून नगरला गेलो. श्रीमंतला म्हणालो, ॲम्प्लिफायर ठेव, गिटारही घे, मोटर दे. तो म्हणाला, ती तवाच गेली खर्ड्याला, रंगुबाईच्या वस्तीवर. गिटार हातात घेऊन बघितली आणि विचारलं, धुनं बडवायची का?

कलेची जाण सगळ्यांना नसते.

शनिवार, २८ एप्रिल

पहाटेच्या एसटीने खर्ड्याला. किल्ल्याच्या अलीकडे रंगुबाईची वस्ती. लांबूनच आवाज ओळखला. आमची मोटर. चालू होती. पाइपाच्या तोंडाएवढी पाण्याची धार दगडी थारोळ्यात पडत होती आणि पुढे चाऱ्याच्या कडवळाचं हिरवंगार रान. गावच्या गाई दावणीला लावल्यासारख्या बांधावर उभ्या.

रंगुबाई म्हातारी आहे, एकटी. कुठला पाव्हना विचारलं. बोललो, असाच, किल्ला बघायला. तिने भाकरी-पिठलं वाढलं, आमच्याच मोटरीचं पाणी दिलं. गोड होतं. म्हणाली, लेक ऊसतोडीला गेला तो आला न्हाई, ही मोटर गावली म्हनून मी आन् ही मुकी जित्राबं जगली. ज्यानं इकली त्येला देव सुखात ठिवो.

मी मोठ्या मनाने मोटर परत मागितली नाही.

एसटीत बसल्यावर ते मोठं मन कुठे गेलं कुणास ठाऊक. सारखे डोळे पुसावे लागत होते. पिठलं तिखट होतं.

गुरुवार, ३ मे

एकोणपन्नास फूट.

जेवण जात नाही. चहा मात्र जातो. आबांना सांगून टाकावं असा ठराव केला. सकाळी गेलो, ते विहिरीत होते. दुपारी गेलो, जेवत होते. जेवताना माणसाला त्रास देऊ नये. संध्याकाळी बागेत होते. एकेका झाडाखाली बसून पान चिमटीत धरून बघत होते, अजून वाकतं का ते. म्हणाले, किस्ना, समदी जित्ती हायेत रं. चौऱ्याऐंशीच्या चौऱ्याऐंशी. मी म्हणालो, हो.

देवाकडे कधी काही मागत नाही. आज मागितलं. म्हणालो, पाणी लागू देऊ नकोस.

मागून झाल्यावर मला माझीच भीती वाटली. ह्या वस्तीवर दुष्काळात असं मागणारा मी एकटाच असेन.

शनिवार, ५ मे. अक्षय्य तृतीया

सकाळी नऊ. बन्सीने तीन सुरुंग लावले. उडाले.

सव्वानऊ. धूर. शांतता.

साडेनऊ. आबा उतरले. मी काठावर. काहीच आवाज नाही. बरं वाटतंय. शास्त्र ते शास्त्र.

बाकीचं संध्याकाळी लिहितोय.

आधी आवाज आला तो पाण्याचा नव्हता, आबांचा. असला आवाज मी कधी ऐकलेला नाही. कुठल्या रेकॉर्डवरसुद्धा. पानी! पानी! एवढंच. बावन्न फुटांवर उगवतीच्या अंगाने मनगटाएवढा झरा. आबांना वर घेतलं तर डोक्यापासून चिखल, आणि हसतायत. सगळी वस्ती गोळा झाली. आईने विहिरीची ओटी भरली, खण-नारळ सोडला. बन्सीला मानाची टोपी घातली. मग आबा म्हणाले, किस्ना, सोड मोटर.

मी म्हणालो, आज लाइट नाही. कुणीतरी बटण दाबलं. खोलीतला दिवा लागला.

मोटरीला हळदकुंकू लावायचं म्हणून आईने गोणपाट ओढलं.

आबा पुढे आले. विचारलं, ही कसली पेटी? मी सगळं सांगितलं. व्हॉल्व्ह, ट्रान्झिस्टर, दाट आवाज, पातळ आवाज. आबांनी शेवटपर्यंत ऐकून घेतलं, मध्ये एकदाही अडवलं नाही. नुसती खाली मान घालून हाताचा चिखल पुसत होते. मग म्हणाले, असू दे. आपन हाय त्यात भागवू. बैलं छावनीतनं आना, जुनी मोट जोडू. माळ्यावरनं चाक काढ.

मी गिटार आणली. काय करणार होतो?

आबांनी ती हातात घेतली. समोरून बघितली, त्यांना काही कळलं नाही. मग उलटी केली. मागच्या अंगाला काळी खूण आहे, त्रिशूळासारखी, डागून केलेली. मला वाटायचं लाकडाचाच डाग. आबांनी तिच्यावर अंगठा फिरवला आणि म्हणाले, ही माझ्या बापाच्या हातची खून हाय.

आणि माझा बाप रडला. पाण्यासाठी तीन महिने खडक फोडताना रडला नव्हता. सगळ्या वस्तीपुढे गिटार छातीशी धरून रडला. मला जमीन दुभंगून आत घेईल तर बरं असं झालं.

शनिवार, १२ मे

छगन म्हणतो नवं चाक करायला महिना, मुरलेलं लाकूड कुठंय? सोसायटीचे आबासाहेब म्हणाले मोटर मिळंल, पण जूनमध्ये. तोवर दोर, घागरी आणि हात. बावन्न फूट. पहाटे पाचपासून. खांद्याला दोर काचतो म्हणून गिटारचा पट्टा मध्ये घेतो. त्यासाठी चांगला आहे.

झरा धो धो आहे. आमचे हात नाहीत. दिवसाला चाळीस झाडं होतात, कधी पंचेचाळीस. बांधाकडची सतरा गेली. आबा माझ्याशी बोलत नाहीत, फक्त आज म्हणाले, मोजून ये. मीच मोजून आलो. सतराच.

दुपारी दोर ओढताना चांगुणाला विचारलं, तुला कधी कळलं होतं? म्हणाली, पाडव्याला. मी म्हणालो, मग आबांना सांगायचं ना.

ती म्हणाली, मला वाटलं, पानी लागायच्या आत तुमी आनून ठिवाल.

एवढंच म्हणाली आणि घागर वर घेतली.

आज ठराव नाही. बोटांना फोड आलेत, पेन धरवत नाही.