चौकाचं माप

४ फेब्रुवारी, सोमवार
वाहतूक शाखेचे साहेब आज स्वतः दुकानात आले. पँटची कंबर सैल करायला आले होते, पण ते निमित्त. त्यांच्याकडे माणसं कमी. शाळेजवळच्या चौकात सकाळी एक स्वयंसेवक हवा, आणि दुकान चौकाला लागूनच. मी लगेच हो म्हटलं. साहेबांचं वाक्य अजून संपायचं होतं, तेव्हा ते जरा गडबडले. पंधरा दिवस ट्रायल, मग कायम करायचं की नाही ते ठरवणार. मी शिंपीकाम कुणाकडे शिकलो नाही, नुसतं बघून शिकलो. वाहतूक तर त्याहून सोपी, तिला अस्तर नसतं.
बायकोला सांगितलं. म्हणाली, त्या नवरदेवाचा सूट कोण शिवणार? म्हटलं, सूट काय, कधीही शिवता येतो. म्हणाली, लग्न कधीही लागत नाही.

५ फेब्रुवारी
नुसतं निरीक्षण. भयंकर प्रकार आहे. गाडीवाले एकमेकांकडे बघतात, एक मान हलवतो, दुसरा निघतो. याला वाहतूक म्हणत नाहीत, भिडस्तपणा म्हणतात. मुळात थांबायची रेषाच पुसली गेली आहे. खुणा न करता कापड कापलं तर काय होईल?
संकल्प: उद्या रेषा.

६ फेब्रुवारी, पहाट
टेप आणि मोठी पट्टी घेऊन चारी बाजूंना रेषा मारल्या. कापडाच्या खडूने. गुलाबी, कारण पांढरा संपला होता. एका रिक्षावाल्याने विचारलं, काका, इथे गटार खणणार का? दुर्लक्ष केलं.

त्याच दिवशी, दुपार
मोठं यश. दुधाचा टेम्पो रेषेच्या चार बोटं पुढे आला. शिट्टी फुंकून मागे घ्यायला लावला. त्याच्या मागे रिक्षा, रिक्षेमागे शाळेची बस, म्हणून आधी बस मागे, मग रिक्षा, मग टेम्पो. वेळ लागला, पण शेवटी चाक रेषेवर असं बसलं की जणू टीप घातली. चारी बाजूंनी लोकांनी हॉर्न वाजवून दाद दिली. टेम्पोवाला म्हणाला, काका, दुधाचं आता दही झालं. विनोदी माणूस आहे.

८ फेब्रुवारी
चाकांनी रेषा पुसून जातात. रोज मारणार.
आज मेहुणा सापडला. डोक्यावर हेल्मेट नाही, पायाशी गॅस सिलिंडर. अडवला. म्हणाला, दाजी, सोडा ना, तुमच्याच घरी चाललोय. म्हटलं, चौकात मी कुणाचा दाजी नाही. सिलिंडरसकट परत पाठवला.
रात्री केळी खाल्ली. गॅस सकाळीच संपला होता म्हणे. बायको बोलत नाही. तत्त्वाची किंमत मोजावी लागते, आणि केळी पचायला हलकी असतात.

११ फेब्रुवारी
शाळेच्या मुख्याध्यापिका चौकात येऊन भेटल्या. सगळ्या बस इथे अडकतात, रोज पहिला तास बुडतो. गणिताचा. त्यांनी हात जोडले. आदराने असावेत. मुलांचा मात्र माझ्यावर फार जीव. एकाने बसच्या खिडकीतून विचारलं, काका, उद्या पण याल ना? गणिताची चाचणी आहे आमची. डोळ्यांत पाणी आलं. धूळही होती.

१३ फेब्रुवारी
माझीच स्कूटर फुटपाथवरून उचलून नेली. साहेबांच्या माणसांना दोष देणार नाही. ‘ड्यूटीवरचं वाहन’ अशी पाटी मीच लावायला हवी होती.
नवरदेव दुकानात आला होता. सूट अजून कापलासुद्धा नव्हता. बायको त्याला म्हणाली, तुम्ही बसा भाऊ, मी कापते. मी चौकातून ओरडून सूचना देत होतो. तिने शटर अर्धं खाली ओढलं. उन्हामुळे असेल.

१५ फेब्रुवारी
ॲम्ब्युलन्स अडकली. रिकामी होती, तरी तत्त्वतः सोडायलाच हवी. पण चारी बाजूंची वाहनं रेषेवर इतकी शिस्तीत उभी, की हलायला कुणाला जागाच नाही. ड्रायव्हर खाली उतरला. म्हणाला, साहेब, तुम्ही जरा चहा घेऊन या. त्याने मला साहेब म्हटलं, तेव्हा गेलो. परत आलो तर चौक मोकळा. म्हणजे मी लावलेली शिस्त आता मी नसतानाही काम करते.

१८ फेब्रुवारी
शेवटचा दिवस. साहेब आले, कोपऱ्यावर उभे राहून बराच वेळ बघत होते. पँट अजून तयार नाही याचा विषय त्यांनी काढला नाही, मीही नाही. त्यांनी दोनदा कपाळाला हात लावला, बहुतेक सलाम करायचा मोह होत असावा. जाताना म्हणाले, खरं तर इथे नुसतं कुणी उभं असलं तरी पुरे, लोक वर्दीला बिचकतात. वर्दी म्हणाले. ‘स्वयंसेवक’ नाही, ‘वर्दी’. बायकोला लगेच सांगितलं. तिने सुईत दोरा ओवला आणि म्हणाली, बघू.

१९ फेब्रुवारी, सकाळ
साहेब येताना दिसले. काखेत वर्दीचं कापड. दाढी केलेली होतीच. माप द्यायला ताठ उभा राहिलो.

त्याच दिवशी, संध्याकाळ
चौकात फायबरचा पुतळा बसवणार आहेत. वाहतूक पोलिसाचा. बाकी सगळा तयार आहे, फक्त वर्दी शिवायची. साहेबांना विचारलं, माप कुणाचं घेऊ? म्हणाले, तुमचंच घ्या, अंगकाठी सारखीच आहे. तो शिट्टी वाजवत नाही, एवढाच फरक.
बायकोने माझं माप घेतलं. पंधरा दिवसांत पहिल्यांदा हसली. म्हणाली, श्वास सोडा, पोट खरं येऊ द्या.
आता शिवायला बसलोय. परवा सकाळी मुलं यायच्या आत त्याला उभा करायचा आहे. खांदे मापापेक्षा अर्धा इंच रुंद ठेवतोय. साहेबांना सांगितलेलं नाही. चौकात उभं राहणाऱ्याचे खांदे भरलेले दिसायला हवेत.