पाटी नाही ते काढा

४ सप्टेंबर

आज पुन्हा 'गवत' म्हणाला. जिन्यात, दोन शेजाऱ्यांसमोर, हसत. ताई, तुझ्या गवताला पाणी घातलंस का?

सख्खा भाऊ. सहा वर्षांनी धाकटा. याला सायकल मी शिकवली. सोसायटीचा सेक्रेटरी झाल्यापासून माझ्याशी नोटिशीच्या भाषेत बोलतो.

गवत नाही. एक्केचाळीस झाडं. सगळी याच मातीतली — इमारती उभ्या राहण्याआधी जी इथे होती ती. जुन्या नोंदींतून नावं काढली, तीन रोपवाटिका पालथ्या घातल्या. प्रत्येकाला पाटी: नाव आणि लावल्याची तारीख, माझ्या अक्षरात. जागा इमारतीच्या मागची, भिंतीलगतची पट्टी. तीस फूट बाय आठ. गेल्या वार्षिक सभेने एका वर्षासाठी दिली. अट भावानेच घातली. झाडं आली की पाखरं येतील, फुलपाखरं येतील असं ही म्हणते, तर येऊ देत. नाही आली तर फरशा घालून स्कूटर उभ्या करायच्या.

सभा १२ ऑक्टोबरला.

अजून एकही आलेलं नाही.

७ सप्टेंबर

भिंतीपलीकडे पुन्हा काहीतरी धप्पकन पडलं. भिंत आणि नाला यांच्या मधली जागा नगरपालिकेची, म्हणजे कुणाचीच नाही. उन्हाळ्यात शिडीवरून पाहिलं होतं — फुटक्या विटा, अर्धा कमोड, फाटलेली गादी. आता तर काय असेल! असल्या शेजारात कोण येईल? मी फुलपाखरू असते तर मीही आले नसते.

नगरपालिकेला सहावी तक्रार. रागारागाने लिहिली. तरी शुद्धलेखन बिनचूक.

८ सप्टेंबर

काही नाही. एक माशी.

१५ सप्टेंबर

माळीदादा अर्धा तास उशिरा आले आणि वर प्रश्न विचारत बसले. कडेला तीन-चार रोपं उगवली आहेत, जाड पानांची, मोडलं की दूध येतं. आपोआप आलीत बाई, राहू द्यायची का?

मी विचारलं, कोणी लावली? कोणी नाही, म्हणाले. पाटी आहे? नाही.

"मग काढा."

हा नियम पहिल्याच दिवशी सांगितला होता: पाटी नाही ते काढायचं. वाळकं पान पडलं की उचलायचं. तीस वर्षं मुद्रितं तपासली. मूळ प्रतीत नाही ते पानावर राहता कामा नये. एकदा सैल सोडलं की माजतं. माळीदादांनी रोपं मुळासकट काढली. टोपलीत घातली, टोपली डोक्यावर घेतली आणि कोपऱ्याकडे गेले.

२२ सप्टेंबर

नगरपालिकेत गेले. दीड तास बाकावर. कारकुनाच्या टेबलावर काचेखाली देवाचा नाही, कुणा नटाचाही नाही, त्याचा स्वतःचाच फोटो. सहा अर्ज त्याच्याकडेच होते, एकाखाली एक, व्यवस्थित. वाचलेत का? विचारलं. वाचलेत, म्हणाला. अक्षर छान आहे.

मी सातवा तिथेच लिहून दिला. तेव्हा कुठे रजिस्टर उघडलं. म्हणाला, ढीग उचलायला मशीन लागेल, नाल्याकडून रस्ता नाही, तुमच्या सोसायटीच्या फाटकातूनच यावं लागेल, फाटक उघडून मिळेल का? मी म्हटलं, मी स्वतः उघडेन. हार घेऊन उभी राहीन.

तो हसला नाही. 'हार' लिहून घेतलं की काय कोण जाणे.

२३ सप्टेंबर

भाऊ फरशीचे नमुने घेऊन आला. तीन. माझ्या जेवणाच्या टेबलावर मांडले! राखाडी, लाल आणि एक चट्ट्यापट्ट्यांची. तुला कुठली आवडते? सभेला अजून तीन आठवडे आहेत, म्हटलं. म्हणून तर आत्ताच विचारतोय, म्हणाला, शेवटी तुझ्या खिडकीतून दिसणार.

लाल चांगली होती. सांगितलं नाही.

३० सप्टेंबर

आलं! सकाळी दहा वाजून पाच मिनिटांनी. नारिंगी, पंखांना काळी कड. पट्टीवरून दोनदा फिरलं. एकाही झाडाकडे ढुंकून पाहिलं नाही. एका पाटीवर बसलं — पाटीवर! — पंख दोनदा उघडमीट केले आणि भिंतीवरून पलीकडे गेलं.

त्या उकिरड्याकडे. माझं एक वर्ष सोडून.

फोटो काढता आला नाही. चष्मा सापडेपर्यंत गेलं होतं. भावाला सांगितलं. बरं, म्हणाला. ज्या आवाजात मी लेखकांना 'बरं' म्हणायचे, त्याच आवाजात.

४ ऑक्टोबर

लिहायला बसून तास झाला.

सकाळी माळीदादांवर आवाज चढवला. पाणी कमी पडतंय, म्हणून फुलपाखरं येत नाहीत, असं काहीतरी मी बोलले. त्यांनी नळ बंद केला. हात पुसले.

"फुलपाखरं होय? ती पलीकडे मावत नाहीत, बाई."

कुठे पलीकडे? त्यांनी हनुवटीने भिंत दाखवली. मग हे वर्षभरात एकदाही का नाही सांगितलंत? ते म्हणाले, तुम्ही विचारलंत कधी? तुम्ही काढा म्हणालात, मी काढलं.

शिडी लावली. चढले.

ढीग नाही. म्हणजे ढीग आहे, पण दिसत नाही. विटा माणसाच्या कमरेएवढ्या गवताने झाकल्यात. कमोडमधून वेल बाहेर आलाय, निळ्या फुलांचा. आणि भिंतीला लागून ती जाड पानांची, दुधाची झुडपं — पंधरा-वीस, माझ्या खांद्यापर्यंत. रुई! मी माझ्या पट्टीसाठी शोधत होते, रोपवाटिकेवाला म्हणाला होता, रुई कोण विकत घेतं? पानं कुरतडलेली, भोकंच भोकं. वाकून पाहिलं तर पानाखाली अळ्या, काळ्या-पिवळ्या पट्ट्यांच्या, लठ्ठ. वर नारिंगी फुलपाखरं. मोजायला लागले आणि सोडून दिलं. गवताच्या बियांवर चिमुकल्या पाखरांचा थवा बसला होता, मला पाहून एकदम उडाला, एकदम परत बसला. गादीखालून मुंगूस निघालं. थांबून माझ्याकडे पाहिलं, जसं भाडेकरूकडे पाहतात.

माळीदादा खालून शिडी धरून होते. म्हणाले, कचरागाडीपर्यंत कोण नेणार, म्हणून मी इथूनच फेकायचो. वाळकी पानंपण. ती टाकून टाकून माती झाली.

तर ती धप्प धप्प माझीच.

वर्षभर ही माती जे जे आपणहून देत होती ते मी उपटलं, आणि तिने काय द्यायला हवं ते पाट्यांवर लिहून ठेवलं. एक्केचाळीस वेळा. बिनचूक.

५ ऑक्टोबर

नगरपालिकेचं पत्र. 'आपल्या तक्रारीची गांभीर्याने दखल घेण्यात आली असून' — सात अर्जांत घेतली नाही ती दखल आत्ता! मशीन ८ तारखेला सकाळी आठ वाजता. जागा संपूर्ण साफ करण्यात येईल.

फोन केला. तक्रार मागे घ्यायची आहे, म्हटलं. कारकून म्हणाला, बाई, तक्रार करायची सोय आहे, मागे घ्यायची नाही. मी ओरडले. त्याने शांतपणे ऐकलं. मग म्हणाला, मशीनला आत जाता आलं नाही तर मात्र 'निकाली' असा शेरा मारतो आम्ही. त्यानंतर कोणी बघत नाही.

आयुष्यात पहिल्यांदा सरकारी अनास्थेवर जीव लावून बसले आहे.

६ ऑक्टोबर

फाटकाची किल्ली सेक्रेटरीकडे.

तिसऱ्या मजल्यावर गेले. वहिनीने दार उघडलं, माझा चेहरा पाहिला आणि आत निघून गेली. भावाला म्हटलं, परवा फाटक उघडू नकोस. सगळं सांगितलं. पाट्यांचं, रुईचं, माळीदादांचं. त्याने ऐकून घेतलं.

मग म्हणाला, म्हणजे सात तक्रारी करून मशीन आणलंस तू, आणि अडवायचं मी? लोकांना काय सांगू? ताईचा हट्ट बदलला?

खरं होतं, म्हणून जास्त राग आला. हा माणूस एरवी कधी बरोबर नसतो.

"पट्टी घे," मी म्हटलं. "सभेत मी स्वतः सांगते, काही आलं नाही. फरशा घाला."

त्याने टीपॉयवरचा फरशीचा नमुना उचलला, उलटा करून पाहिला, ठेवला. "वर्षभर भांडलीस तिच्यासाठी. माझ्याशी."

हो, म्हटलं.

तिकडे एवढं आहे तरी काय? त्याने विचारलं. म्हटलं, शिडी आहे, चढून बघ. गुडघा दुखतो म्हणाला. गुडघ्याची त्याला कधीपासून आठवण!

हो म्हणाला नाही. नाही म्हणाला नाही.

८ ऑक्टोबर

मशीन आठला आलं. पिवळं, फाटकाएवढं रुंद. वॉचमन म्हणाला, किल्ली साहेबांकडे. ड्रायव्हरने हॉर्न वाजवला. भाऊ बाल्कनीत पेपर वाचत होता. पेपर उलटा नव्हता, पण पानही उलटत नव्हतं. हॉर्न, पुन्हा हॉर्न. वॉचमनने मान वर करून हाक मारली. भावाने हात कानाला लावला — ऐकू येत नाही! चाळीस मिनिटं. ड्रायव्हरने चहा मागवला, प्यायला, शिव्या दिल्या आणि गेला.

संध्याकाळी शिडीची जागा बदललेली दिसली. आणि भिंतीवर, मातीत उमटलेला, चामड्याच्या चपलेचा ठसा. माळीदादा अनवाणी चढतात.

१२ ऑक्टोबर

सभेत बोलले. दीड मिनिट. टाळ्या वाजल्या. स्कूटरवाल्यांच्या असाव्यात.

१५ ऑक्टोबर

फरशीवाले आले. लाल. दोघांनी फावडी मारायला सुरुवात केली. भराभर. वर्षभराचं काम पाऊण तासात उपटून ढीग झाला. त्यांतला मोठा मला येऊन विचारतो, बाई, हे कुठे टाकायचं?

"भिंतीपलीकडे," मी म्हटलं. "पाट्या तेवढ्या काढून घ्या."