वाघोबाचे ठिपके

वरची वाडी, मढ
ता. जुन्नर
९ डिसेंबर २०२५

चि. गोकुळ यास, तात्याचा आशीर्वाद.

इकडे भात घरात आलं, नाचणी अजून खळ्यावर आहे. तुझ्या आईचा गुडघा थंडीने धरतो, पण तुला कळवू नका म्हणते. म्हणून कळवतो.

यंदाच्या दिवाळीत वाघबारशीला तू पुण्यातच होतास. त्या सकाळी मी अंघोळ करून उपाशीपोटी वाघोबाच्या ठाण्यावर गेलो. दरवर्षी दगडाला नुसता शेंदूर लावतो. यंदा जुन्नरहून रंगाचे दोन डबे आणले होते, पिवळा आणि काळा. देवाला अंगभर पिवळा दिला आणि काडीला कापूस गुंडाळून एकेक ठिपका काढला. उन्हाळ्यात तू यंत्राला बिबट्या ओळखायला शिकवण्यासाठी मोबाईलवर शेकडो फोटो पाठवले होतेस आणि मी प्रत्येक बिबट्याभोवती चौकोन काढून दिला होता. गवतात नुसता कान दिसला तरी चौकोन. त्यामुळे ठिपका मधे मोकळा असतो, पोटाकडे विरळ होतो, हे हाताला पाठ झालं होतं. खिरीचा नैवेद्य दाखवला, गुरांना आणि माणसांना राख म्हणालो.

दुसऱ्या दिवशी आठ वाजता ठाण्यावर ऊन आलं, खांबावरच्या तुझ्या कंपनीच्या कॅमेऱ्याला देवच बिबट्या वाटला आणि सायरन वाजला. तिसऱ्या दिवशीही आठलाच. कुशाबा म्हणाला, "देवानं ड्युटी धरली राव! आता घड्याळ कशाला पायजे?" वाडी हसली. मग तू पुण्यातून काहीतरी केलंस आणि सायरन गप्प झाला. सोमवारी तुझे साहेब उद्घाटनाला आले, नारळ फुटला, फोटो निघाले.

आता ठकूबाईचं. पेपरात तू वाचलं असशीलच, पण माझ्याकडून वाच.

एकवीस नोव्हेंबरला ती ठाण्यामागच्या पायवाटेने गवताला गेली. पूर्वी त्या वाटेने बायका डबा वाजवत, हाका मारत जायच्या. खांबावर डोळा बसला तेव्हापासून म्हणायला लागल्या, "आता वरडायचं कशाला? त्यो बघतोय की." बिबट्या ठाण्याच्या मागूनच आला. तिचा खांदा धरला. तिने विळा मारला म्हणून सुटली. त्या वेळी आम्ही सगळे खळ्यावर, मळणीयंत्राच्या आवाजात. सायरन वाजला की नाही, कुणालाच सांगता येईना.

ठकूबाई मात्र पहिल्या दिवसापासून सांगते, वाजला नाही. आणि तुझ्या कंपनीने पेपरात छापून आणलं की यंत्रणा चोख होती, सायरन वाजला, महिलेस कमी ऐकू येत असावं.

गोकुळ, तुझी आई मजुरीला जायची तेव्हा या बाईने तुला मांडीवर घेऊन पेज पाजली. झोपेत तू कुशीवर वळलास तरी तिला ऐकू यायचं. ती बहिरी? आता वाडीत पोरं तिच्या पाठीमागे टाळ्या वाजवून बघतात. परवा कुशाबानेही वाजवली आणि वर म्हणाला, "टेस्टिंग चाललंय, मावशे!" तुझ्याकडचा शब्द उचलला त्याने. एवढी शिकलेली माणसं तुमच्यात, यंत्राला पानाआडचा कान ओळखायला शिकवता, आणि 'आमचं चुकलं' एवढे दोन शब्द एकाच्याही तोंडून निघत नाहीत? बाईचे कान कापून यंत्राची अब्रू झाकलीत.

तुला फोन केला तर म्हणालास, "तात्या, मी केलं ते कंपनीच्या कागदावर न्हाई. तुमीबी बोलू नका, नोकरी जाईल माझी." मी ऐकलं.

मग ठकूबाई माझ्या ओट्यावर आली, हात गळ्यात अडकवलेला. म्हणाली, "भावजी, कॅमेऱ्याची काच पुसणारे तुमी. तुमी खरं सांगा. वाजला व्हता का वो? का माझेच कान गेले? मला तर आता काय कळंना झालंय." सायरनची प्रत्येक वेळ माझ्या मोबाईलवर येते. त्या दिवसाची एकही नव्हती. मी म्हणालो, "बघू. च्या घे."

चहा घेऊन ती गेली. मला त्या रात्री जेवण गेलं नाही.

कारण कॅमेऱ्याच्या फोटोतला देवाकडचा कोपरा तू झाकलास, पण झाक म्हणणारा मी. तू आधी म्हणाला होतास, देवाचे शे-दोनशे फोटो दाखवून 'हा बिबट्या नव्हे' असं यंत्राला शिकवता येईल, पण आठवडा लागेल आणि साहेब सोमवारी येणार. नाहीतर तेवढा रंग काढा. मी चिडलो, देव खरवडू? मग तू म्हणालास, फोटोतला तेवढा कोपरा यंत्राने बघायचाच नाही असं करतो. मी लगेच हो म्हणालो. त्या कोपऱ्यात देवामागची पायवाटही आहे, हे मला ठाऊक होतं. तुझ्यापेक्षा जास्त ठाऊक होतं. आणि मी एकाही बाईला सांगितलं नाही की बायांनो, तिथे तो डोळा आंधळा आहे, डबा वाजवत जा.

का? यंत्राने माझ्या हातचा वाघोबा जिवंत मानला, याचं मला मनातून सुख झालं होतं. ते ठिपके मोडवेनात. त्याला मी भक्ती म्हणत होतो.

आज सकाळी खुरपं घेऊन गेलो. हात जोडले आणि एकेक ठिपका खरवडला. दगड उघडा झाला, शेंदूर लावला. मग वाडीला बोलावलं आणि मोबाईल दाखवून सगळं सांगितलं, माझं आणि तुझंही. कुशाबा खाली बघत राहिला. ठकूबाईने मोबाईल हातात घेऊन पाहिला. मग म्हणाली, "मंजी मला ऐकू येतंय."

एवढंच. मला शिवी दिली असती तर बरं वाटलं असतं.

पत्र मिळताच कोपरा उघड. नोकरी गेली तर घरी ये, भाताचं खाचर आहे, मी आहे. दुपारच्या एसटीने जुन्नरला जाऊन वनखात्यात दोन पानी जबाब दिला. त्यात पहिलं नाव माझं लिहिलं, दुसरं तुझं. शिक्का मारलेली पोच खिशात आहे.

ठकूबाईचा साक्षीदार आणि तुझा चुलता,
हौशीराम