मागच्या दारानं गेलेली पोरगी

माय, त्या काळ्या किल्ल्याची कार्टून फिल्म मी गेल्या रविवारी पुन्हा बघितली, या वेळी आवाजासकट. आपण तिचा आवाज कधी ऐकलाच नव्हता. टीव्ही होता आपल्या घराला लागून असलेल्या गिरणीत. केजला तेव्हा वीज आली की तू आधी गिरणी चालू करायचीस, मग मी टीव्ही लावायचे, आणि त्या घरघरीत जपानी माणसांची तोंडं नुसती हलायची. वीज गेली की दोन्ही एकदम बंद. मामाने पुण्याहून तीन सीड्या आणल्या होत्या, वर मांजराचं चित्र, 'लेकरांसाठी हायत' म्हणाला होता. दोन खरंच तशा निघाल्या. तिसरीत पाच मिनिटांत एकाचं मुंडकं उडालं. तू जवारीची पाटी हातात धरून तशीच उभी राहिलीस आणि म्हणालीस, "तुझ्या मामानं हे बघितलंय तरी का गं?"

पण बंद केली नाहीस. याचं मला अजून नवल वाटतं. उलट गिरणीत जवारी ओतता ओतता तूच, नुसती चित्रं बघून, ओरडून गोष्ट सांगायला लागलीस. एक तलवारवाला असतो, त्याची सावली त्याच्यापासून तुटलेली असते आणि अंधार पडला की ती माणसं खात फिरते. तो तिला शोधत धुक्यातल्या एका किल्ल्यात येतो. ("धारूरच्या किल्ल्यावानीच हाय की," तू म्हणालीस.) किल्ल्याच्या मालकाने जमिनीखालच्या कशाशी तरी सौदा केलेला असतो. आणि किल्ल्यात दिवे लावत हिंडणारी एक पोरगी असते, माझ्याच वयाची. मला तलवारवाल्याशी काही देणंघेणं नव्हतं, मी त्या पोरीकडेच बघायचे. तलवारवाल्याबद्दल तुझं मत एका वाक्यात होतं: "ह्याला रडता येत न्हाई, म्हणून ह्यो तलवार फिरवितोय." पुढे या प्रकारच्या जुन्या जपानी ॲनिमेवर मी बरंच वाचलं, पण याहून नेमकं काही सापडलं नाही.

शेवटाकडे मालक त्या पोरीला तळघरात नेतो. तिथे तू टीव्हीपुढे आलीस आणि पिठाने भरलेला पंजा काचेवर ठेवलास. मी ओरडले, "काय झालं?" "काय बी न्हाई. गेली ती." "कुठून?" "मागच्या दारानं." पंजा काढलास तेव्हा तलवारवाला गुडघ्यावर बसून आकांत करत होता. "आता कावून रडतोय?" "पोरगी सापडंना म्हणून." मग माझ्याकडे जरा रोखून बघत विचारलंस, "तुला दिसलं का काही?" मी मान हलवली, नाही. काचेवर तुझ्या पाच बोटांचा पांढरा ठसा उमटला होता, तो मी दोन दिवस पुसला नाही म्हणून बोलणी खाल्ली.

आता मी धारूरच्या शाळेत चित्रकला शिकवते, त्यामुळे या वेळी माझी नजर आधी भिंतींवर गेली. काय जीव ओतलाय गं त्या लोकांनी! एकेक दगड हाताने रंगवलेला, एकासारखा दुसरा नाही. काळा रंग म्हणशील तर किती तऱ्हेचा, काजळीचा वेगळा, ओल्या दगडाचा वेगळा. हल्लीच्या चकचकीत कार्टूनमध्ये सगळं पळत असतं. इथे दिव्याची वात नुसती थरथरत राहते आणि आपण श्वास रोखून बसतो, कारण भीती दाखवायची त्यांना घाईच नाही. पण आवाज लावल्यावर कळलं, ही माणसं बोलतात किती! मालक मरता मरता आपल्या दुःखावर असं भाषण ठोकतो की मला वाटलं, आता मरशील का बाबा. गिरणीने आपल्यावर उपकारच केले होते. घोडा पळतानाचं एकच चित्र तीनदा वापरलंय. आणि सगळ्या फिल्ममध्ये एकही माणूस हसत नाही, जणू हसलं की गोष्ट हलकी होते. हेही तू तेव्हाच म्हणाली होतीस, "एवढं चांगलं काढता येतंय, मंग कुणी हसताना कावून काढीत न्हाईत?"

सगळ्यात वाईट त्या पोरीचं केलंय. तिला नावसुद्धा नाही. तलवारवाल्याला राग यावा, एवढ्यासाठी तिला मारलंय, आणि तेही बघत राहावं असं सुंदर रंगवून. मी फिल्म थांबवून थांबवून बघितली. किल्ल्याला खिडक्या ढीगभर आहेत, बुरूज आहेत, चोरजिनेही आहेत. मागचं दार कुठेच नाही.

म्हणून तुला विचारावंसं वाटतं, ते दार तुला सुचलं कधी? माझा दहावीचा निकाल लागला आणि चुलत्यांनी स्थळ आणलं. वडील गेल्यावर घरात त्यांचाच शब्द चालायचा, तू दोनदा नको म्हणालीस तर त्यांनी ऐकल्यासारखंही केलं नाही. पाहुणे घराच्या दारात चपला काढत होते आणि तू मला गिरणीत बोलावलंस. दळण चालूच होतं. हातात पिशवी दिलीस, तिच्यात दोन ड्रेस आणि गुणपत्रिका. जिथून आपण सांडलेलं पीठ झाडून बाहेर टाकायचो, त्या मागच्या दाराकडे हनुवटी केलीस. "अंबाजोगाईची जीप हुबी हाय. मामा तिथं घ्यायला येतोय. जा." मी म्हटलं, "आणि तू?" "मी हाय की. दळण व्हायचंय अजून." पाहुण्यांना तू काय सांगितलंस, ते मला कधीच कळलं नाही. मी घाबरले नाही, कारण तुझीच गोष्ट धरून निघाले होते. फिल्म बघतानाच तुझ्या मनात होतं का हे? की तेव्हा नुसती वेळ मारून नेलीस आणि पुढे स्वतःचा शब्द खरा करत बसलीस?

तुला जाऊन अकरा वर्षं झाली. तुझी नात आता चौदाची आहे, फिल्म तिनेच शोधून काढली. तळघर आलं तसा माझा हात आपोआप लॅपटॉपपुढे गेला. "मम्मी, हात काढ ना." काढला. तिने सगळं बघितलं, मग म्हणाली, "काढलंय लई भारी. पण हिला मारायचं काय काम होतं?" मी तिला तुझा शेवट सांगितला, आणि जीपचंही सांगितलं. ती हसली. "म्हणजे आजीनं तुला खोटं सांगितलं." मी हो म्हटलं. "आणि तुला ते खरं वाटलं?"

मी उठून चहा ठेवायला गेले. हे पत्र चित्रांच्या वहीत राहील, दुसरीकडे कुठे टाकणार? पण 'तुला दिसलं का' असं तू तेव्हा विचारलं होतंस आणि मी नाही म्हणून मान हलवली होती, ते मनात राहून गेलंय. तुझी बोटं नीट मिटलेली नव्हती, माय. मला दिसलं होतं.