वाळूतली वेस

आई, तुला वाचता येत नव्हतं आणि मला धड लिहिता येत नाही, म्हणजे आपली बरोबरीच झाली. चौथीत शाळा सुटली ती सुटलीच. पण आज लिहिल्याशिवाय चैन पडेना. तुझी नात, जिच्या जन्माच्या वेळी तू बहरीनला आली होतीस, तिनं आज मला वाळवंटात शेकडो वर्षं बिनपाण्याचं उभ्या असलेल्या त्या एकट्या झाडाकडं नेलं. तिचा पोरगा मागच्या सीटवर. मी विचारते, ‘भूक लागली का रे राजा?’ तर म्हणतो, ‘नॉट येट, आजी.’ समजतं सगळं लबाडाला. आणि रस्ता? बराचसा डांबरी झालाय गं.

तेव्हा कुठलं डांबर! सौदीचा पूलसुद्धा व्हायचा होता. तुबली गावात हे काम करायचे त्या गॅरेजच्या मागं आमच्या दोन खोल्या, आणि तू आल्यापासून तुझा एकच धोशा. ‘इथं ना आजी, ना शेजार. पोरगी मी संगं नेते. शाळेच्या वयाची झाली की आणा परत.’ तेव्हा पुष्कळांची लेकरं तशी गावाला वाढायची. तुझ्या जावयांनी मान डोलावली, बाळाचे कागदही झाले. मला विचारलं कुणी नाही आणि तुझ्यापुढं माझं तोंड उघडत नव्हतं. रात्री पाजताना नुसती तिची बोटं धरून बसायचे.

तू जायच्या आधीच्या शुक्रवारी गॅरेजची जुनी पिकअप घेऊन आपण झाड बघायला निघालो. थंडीचे दिवस. पुढं आपण तिघं दाटीवाटीनं, बाळ तुझ्या मांडीवर. वाळूत चाकोरी उमटलेली, तेवढाच रस्ता. हे आधीच बजावतात, ‘मऊ वाळूत गाडी थांबवायची नाही, थांबली की खलास.’ तू बाहेर बघतेस आणि म्हणतेस, ‘एवढी जमीन आणि एक बांध नाही? मग भावकी भांडते कशावरनं?’ हसून हसून माझे टाके दुखले. तेवढ्यात चाकोरीला फाटा फुटला आणि तू ओरडलीस, ‘पाव्हणं, थांबवा! वेस आली!’ तान्हं लेकरू पहिल्यांदाच एवढं लांब निघालेलं, वेशीवर भाकरतुकडा ओवाळून टाकायलाच पाहिजे. पदरात बांधून आणला होतास तू. आता सासूला नाही कोण म्हणणार? ह्यांनी ब्रेक दाबला. तू उतरून तुकडा ओवाळून टाकलास, आणि गाडी बसली की गं चाकं पुरून! गाड्या दुरुस्त करणारा माणूस डोक्याला हात लावून उभा. तू वर म्हणतेस कशी, ‘तरी बरं, ओवाळून झालं होतं!’

जवळच एका बहरीनी कुटुंबानं थंडीचा तंबू ठोकला होता. पुरुष धावत आले. ‘यल्ला, यल्ला’ करत, वाळूत पकड बसावी म्हणून चाकांतली हवा कमी करायला लागले. मागनं त्यांची म्हातारी आली, तुझ्याच वयाची. तिनं सरळ हात पुढं केले. तू बाळाला छातीशी घट्ट धरलंस. मग तिनं बाळाच्या डोळ्यांतल्या काजळाकडं बोट दाखवलं आणि आपल्या कडेवरच्या नातवाचं तोंड तुझ्याकडं वळवलं. त्याचेही डोळे काजळानं भरलेले! तू फसकन हसलीस आणि बाळ दिलंस तिच्याकडं. तंबूत दूध, खजूर. ती तिच्या भाषेत, तू आपल्या साताऱ्याच्या. बाळाच्या पोटाला तेल कसं चोळायचं यावरनं दोघींचं भांडणसुद्धा झालं, आणि मधेच तिनं मला जवळ ओढून माझ्या डोक्याला फडकं बांधलं, ओल्या बाळंतिणीला वारा लागतो म्हणून. तू ते बघत राहिलीस.

तिथनंच परत फिरलो. झाड राहिलंच. तुबली आल्यावर म्हणालीस, ‘पाव्हणं, तिकीट माझं एकटीचंच ठेवा. काजळ घालणारी माणसं हायत इथं.’ मी खिडकीकडं तोंड करून रडले. ह्यांना वाटलं, डोळ्यांत वाळू गेली.

आजही त्या फाट्यावर काच खाली करून मी तुकडा टाकला. गाडी न थांबवता. नातवानं विचारलं, ‘व्हॉट्स दॅट, आजी?’ म्हटलं, ‘वेस.’

हा कागद मी पिठाच्या डब्याखाली घालणार, कुठं पाठवायचा? एवढंच सांगते. त्या दिवशी पुरुषमाणसं गाडी ढकलत होती, आणि मी मनात म्हणत होते, देवा, इतक्यात नको काढूस.