टोपलीवरची पाटी

ता. ४ नोव्हेंबर

प्रिय ताईस,
प्रभूमध्ये सप्रेम सलाम. वि. वि.

गुडघा कसा आहे? इकडे आपली दुसरी बेकरीही झोकात सुरू झाली. देवानं एवढं दिलंय, म्हटलं आपणही काही करावं. उरलेल्या पावांची टोपली आपण दाराशी ठेवायचो ना, तिच्यावर आता रंगाऱ्याकडून मोठी पाटी करून घेतलीय, ‘गरिबांसाठी मोफत’. पाळकसाहेबांनी उपदेशात माझं नाव घेतलं! तुझी भावजय म्हणते, मान इतकी ताठ झालीय की शर्टाचं वरचं बटण लागत नाही.

एक नवल सांगतो. पाटी लागल्यापासून टोपली भरलेलीच राहते. चर्चमधल्या ऑर्गनच्या बाई, तुला-मला सूर शिकवणाऱ्या, रोज जाता-जाता एक पाव उचलायच्या. त्याही फिरकल्या नाहीत. रविवारी ऑर्गनही वाजला नाही. कुठे पाहुण्या गेल्या असतील. भाऊजींना सलाम, पोरांना पापा.

तुझा,
ढब्बू

ता. ९ नोव्हेंबर

चि. ढब्बूस,
अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र वाचलं आणि हातातला चहा तसाच गार झाला. अरे शहाण्या, बाईंचं कोण उरलंय पाहुणं जायला? फाटका हातमोजा दिसू नये म्हणून हात खिशात घालून चालणारी बाई ती! आता त्या टोपलीत हात घालायचा म्हणजे भर रस्त्यात आपली गरिबी सगळ्यांना दाखवायची. प्रभूनं कुणाला बरं करताना आधी त्याच्या गळ्यात पाटी अडकवली होती का रे?

पत्र खिशात घाल आणि आधी त्यांचा जिना चढ. माझा जीव टांगणीला लागलाय. रागावले म्हणून माया आटली असं समजू नकोस.

तुझी,
ताई

ता. २१ नोव्हेंबर

प्रिय ताईस,
सप्रेम सलाम.

आधी हे वाच: बाई बऱ्या आहेत.

तुझं पत्र आलं तसा पिठाच्या हातांनीच धावलो. दार नुसतं लोटलेलं होतं. शेगडी थंडगार, अंगावर दोन कोट घेऊन बाई तापानं फणफणलेल्या. घरात साखरेखेरीज खायला काही नव्हतं. डॉक्टर म्हणाले, वेळेवर आलात. मी जिन्यात बसून पोरासारखा रडलो गं. देवाचं नाव पुढे करून मी माझीच जाहिरात करत होतो, आणि उपाशी राहिल्या बाई. तुझ्या भावजयीनं आठवडाभर तिथेच मुक्काम ठोकून त्यांना सूप पाजलं.

पाटी भट्टीत घातली. टोपली आता गल्ल्याशेजारी असते. उरलेल्यांबरोबर ताजे पावही त्यात टाकतो. ज्याला हवा त्यानं घ्यावा, कुणी विचारायचं नाही. घरचा पाव मीही सगळ्यांदेखत त्यातूनच नेतो.

आज सकाळी बाई काठी टेकत आल्या. टोपलीतला एक पाव घेतला, उलटा करून पाहिला आणि भरल्या दुकानात मला झापलं. बूड करपलंय, लहानपणापासून तुझं एका जागी लक्ष म्हणून नसतं, म्हणाल्या. पाव पिशवीत टाकला आणि निघून गेल्या. मी मागे जाऊन पिठाच्या पोत्यावर बसलो आणि हसता हसता देवाचे आभार मानले. ताई, इतकं गोड मला आजवर कुणी रागावलं नव्हतं.

रविवारी ऑर्गन वाजणार आहे. तुझ्याही रागाचा असाच लोभ राहू दे.

तुझाच,
ढब्बू